इटलीतील छोट्या शहराच्या फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा: प्रो वेर्चेल्लीच्या निमित्ताने

इटलीच्या फुटबॉलविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, ते बहुधा युव्हेंटस, मिलान आणि इंटर या तीन नावांच्या पलीकडे फारसे जात नाही. हे तिघे आणि रोम, नेपल्स यांसारख्या महानगरांतील क्लब वगळले की जे उरतात, त्यांना इटालियन वृत्तपत्रे ‘प्रोव्हिंचाले’ म्हणतात. या शब्दात थोडे कौतुक असते आणि थोडी हेटाळणीही असते. आपल्याकडे ‘गावाकडचा’ हा शब्द जसा बोलणाऱ्याच्या सुरावर अवलंबून असतो, तसाच हा आहे. अशा एखाद्या क्लबचा इतिहास मराठीत लिहायचा असेल, तर कामाला कोठून सुरुवात करावी, कोणत्या नोंदीवर कितपत विसंबावे आणि पाय नेमका कोठे घसरतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

उदाहरण म्हणून मी शेवटपर्यंत एकच क्लब घेणार आहे, तो म्हणजे प्रो वेर्चेल्ली. या क्लबने १९०८ ते १९२२ या काळात सात वेळा इटलीचे विजेतेपद मिळवले आणि १९३५ साली पहिल्या श्रेणीतून उतरल्यावर तो तेथे पुन्हा कधीही परतलेला नाही. आपण दुसरा क्लब निवडला तरी हरकत नाही, मात्र ज्याच्या नोंदीत निदान एक तरी ओळ कोड्यात टाकणारी आहे असाच निवडावा. १९१४ चा विजेता काझाले, १९२२ च्या यादीत प्रो वेर्चेल्लीच्याच शेजारी दिसणारा नोव्हेझे, युद्धकाळात १९४४ साली अग्निशमन दलाच्या नावाने खेळून जिंकलेला आणि त्याबद्दल थेट २००२ मध्ये मानाची दखल मिळालेला स्पेत्सिया, किंवा १९८५ चा वेरोना, हे सगळे त्या दृष्टीने उत्तम विषय आहेत. ज्या क्लबच्या नोंदीत प्रश्न पडावा अशी एकही ओळ नाही, त्याचा इतिहास लिहिणे कंटाळवाणे होते आणि वाचणे त्याहून अधिक.

गाव आणि त्याचा जिल्हा

पहिल्या बैठकीत फुटबॉलला हातच लावू नये. नकाशा उघडून बसावे. वेर्चेल्ली हे वायव्य इटलीतील पिएमॉन्ते प्रांतात, सेझिया नदीच्या काठी, तूरिन आणि मिलान यांच्या दरम्यानच्या रेल्वेमार्गावर वसलेले शहर आहे. भोवताली मैलोगणती भातखाचरे आहेत. पो नदीचे पाणी या खाचरांना पुरवणारा कावूर कालवा १८६६ साली पूर्ण झाला, आणि त्या पाण्यावर हा सगळा भाग युरोपातील भाताचे मोठे कोठार बनला. वसंत ऋतूत शेते पाण्याखाली जातात आणि नंतर त्यांतील तण उपटावे लागते. ही बेणणी करण्यासाठी दूरदूरच्या गावांतून हंगामी मजूर स्त्रिया येत. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत, आणि गुडघाभर पाण्यात कमरेतून वाकून काम करणाऱ्या या स्त्रियांनी १९०६ साली वेर्चेल्लीत संप करून आठ तासांचा कामाचा दिवस पदरात पाडून घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी शहराचा फुटबॉल संघ देशाचा विजेता झाला.

या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव आहे असे मी म्हणत नाही आणि आपणही म्हणू नये. दोन तारखा जवळ आल्या की त्यांना एका दोरीत ओवण्याचा मोह प्रत्येक लेखकाला होतो. तथापि गावाची ही पार्श्वभूमी माहीत असल्याशिवाय क्लबविषयीच्या दोन गोष्टी उलगडत नाहीत: हा संघ कोणा बड्या कारखानदाराच्या पैशातून उभा राहिलेला नव्हता, आणि १९२० नंतर जेव्हा अशा पैशाची गरज पडू लागली, तेव्हा तो शेतीवर जगणाऱ्या या शहराला तूरिन-मिलानच्या तोडीने उभा करता आला नाही.

नकाशावरच आणखी एक सापळा आहे आणि त्यात पुष्कळजण अडकतात. आज वेर्चेल्ली हे त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. परंतु तो जिल्हा १९२७ साली नोव्हारा जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. म्हणजे क्लबने सातही विजेतेपदे मिळवली तेव्हा वेर्चेल्ली हे प्रशासकीय दृष्ट्या आपल्या सख्ख्या प्रतिस्पर्धी शहराच्या, नोव्हाराच्या जिल्ह्यात मोडत होते. त्या काळातील सरकारी कागद शोधताना नोव्हाराच्या नावाखाली पाहिले नाही, तर काहीच हाती लागत नाही आणि ‘कागदपत्रे उपलब्ध नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष लिहिला जातो.

नावांचा वंशवृक्ष

दुसरे काम म्हणजे क्लबच्या नावांचा वंशवृक्ष काढणे. एका कोऱ्या कागदावर डावीकडून उजवीकडे काळाची रेघ ओढावी आणि तिच्यावर तीन प्रकारच्या तारखा तीन वेगळ्या शाईंनी लिहाव्यात: संस्था स्थापन झाल्याची तारीख, तिच्यात फुटबॉल सुरू झाल्याची तारीख आणि आज मैदानात उतरणाऱ्या कंपनीच्या नोंदणीची तारीख. इटलीत या तिन्ही तारखा क्वचितच एक असतात.

प्रो वेर्चेल्लीच्या बाबतीत पहिली तारीख १८९२ आहे. त्या वर्षी स्थापन झाली ती व्यायामशाळा होती. तेथे जिम्नॅस्टिक्स आणि तलवारबाजी शिकवली जात असे, आणि फुटबॉलचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. दुसरी तारीख १९०३ ही आहे. मार्चेल्लो बेर्तिनेत्ती नावाच्या तरुण तलवारबाजाने तूरिनमध्ये हा खेळ पाहिला आणि आपल्या व्यायामशाळेत त्याची शाखा काढली. हे बेर्तिनेत्ती पुढे डॉक्टर झाले, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीचे सांघिक रौप्यपदक त्यांनी मिळवले, आणि १९२४ व १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्णपदकेही जिंकली. ज्या माणसाने गावात फुटबॉल आणला तो मुळात दुसऱ्याच खेळातला श्रेष्ठ खेळाडू होता, ही गोष्ट क्लबच्या शिस्तीविषयी बरेच सांगून जाते. व्यायामशाळेत घडलेली ही मुले शारीरिक तयारीच्या जोरावर प्रतिस्पर्ध्यांना भारी पडत.

तिसरी तारीख २०१० आहे आणि तीच सर्वांत नाजूक. त्या वर्षी कर्जात बुडालेल्या जुन्या क्लबला स्पर्धेसाठी नोंदणी करता आली नाही. त्याच शहरात प्रो बेल्व्हेदेरे नावाचा दुसरा क्लब होता. त्याने आपले नाव बदलून ‘प्रो वेर्चेल्ली १८९२’ असे केले आणि पांढऱ्या शर्टाची परंपरा पुढे चालवली. कायद्याच्या भाषेत ही वेगळी संस्था आहे, आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने तोच क्लब आहे. इतिहासकाराने यांपैकी एक बाजू निवडून दुसरी दडपू नये. ‘कंपनी बदलली, नाव व रंग कायम राहिले’ असे सरळ वाक्य लिहावे आणि पुढे जावे. दिवाळे निघणे, दोन क्लबांचे विलीनीकरण होणे, शेजारच्या गावाच्या क्लबची जागा विकत घेऊन वरच्या श्रेणीत प्रवेश करणे, हे प्रकार इटलीच्या खालच्या श्रेण्यांत इतके वारंवार घडतात की वंशवृक्षात एकही तुटलेली फांदी दिसली नाही, तर आपलेच काही तरी पाहायचे राहिले आहे असे समजावे.

निकालाआधी नियम

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अशा क्लबच्या इतिहासात होणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका एकाच सवयीतून होतात: आजची स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून जुन्या विजेत्यांची यादी वाचण्याची सवय. इटलीतील सर्व प्रमुख संघ एकाच गटात साखळी पद्धतीने खेळतात ती आजच्या स्वरूपाची ‘सेरी आ’ १९२९-३० च्या हंगामात सुरू झाली. त्याआधीची प्रत्येक स्पर्धा वेगळ्या नियमांनी खेळली गेली. म्हणून आपल्या तक्त्यात वर्ष आणि विजेता यांच्या मध्ये एक रुंद रकाना सोडावा आणि त्यात त्या वर्षीचा नियम लिहावा. हा रकाना भरल्याशिवाय विजेत्याचे नाव लिहूच नये, असा दंडक मी स्वतःला घालून घेतला आहे, आणि तो घालून घेण्याचे कारणही सांगतो. माझ्या पहिल्या वहीत १९२२ च्या ओळीत प्रो वेर्चेल्ली आणि नोव्हेझे अशी दोन नावे आली होती. छपाईची चूक असावी अशा समजुतीने मी त्यांतले एक बेधडक खोडून टाकले. चूक छपाईची नव्हती, माझी होती. त्या हंगामात मोठे क्लब इटलीच्या फुटबॉल महासंघातून फुटले, त्यांनी आपली वेगळी स्पर्धा भरवली आणि ती प्रो वेर्चेल्लीने जिंकली. महासंघाने उरलेल्या क्लबांची स्पर्धा घेतली आणि ती नोव्ही लिगुरे या लहानशा गावाच्या नोव्हेझेने जिंकली. पुढे समेट झाला आणि दोन्ही विजेतेपदे अधिकृत मानली गेली. एकाच वर्षी दोन विजेते, आणि दोन्ही पिएमॉन्तेचे.

१९०८ आणि १९०९ ही जोडी याहून मजेदार आहे. प्रो वेर्चेल्लीने १९०७ साली दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन १९०८ मध्ये पहिल्याच प्रयत्नात विजेतेपद मिळवले, हे वाक्य सगळीकडे आढळते आणि ते खरेही आहे. पण त्या वर्षी महासंघाने परदेशी खेळाडूंच्या प्रश्नावरून स्पर्धा दुभंगली होती. विजेतेपदासाठी मोजली जाणारी स्पर्धा केवळ इटालियन खेळाडूंच्या संघांसाठी होती, आणि जेनोआ, तूरिन व मिलान या क्लबांनी निषेध म्हणून तिच्यातून अंग काढून घेतले. एवढे वाचून कोणी म्हणेल की पहिले विजेतेपद मोकळ्या मैदानात मिळाले. त्याने पुढच्या वर्षाचा रकाना पाहावा. १९०९ मध्येही दोन स्पर्धा झाल्या. केवळ इटालियन खेळाडूंची स्पर्धा युव्हेंटसने जिंकली, परदेशी खेळाडूंना मुभा असलेली प्रो वेर्चेल्लीने जिंकली, आणि अधिकृत यादीत या वेळी नोंद झाली ती दुसरीची. म्हणजे एका वर्षी एका नियमाने आणि दुसऱ्या वर्षी नेमक्या उलट नियमाने हा क्लब यादीत आला. या दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की ‘नशिबाने जिंकले’ आणि ‘सगळ्यांना हरवून जिंकले’ ही दोन्ही सोपी वाक्ये आपोआप गळून पडतात.

अंतिम सामन्यांच्या बाबतीतही असेच सावध राहावे लागते. प्रो वेर्चेल्लीने १९१२ च्या अंतिम फेरीत व्हेनेत्सियाला ६-० आणि ७-० असे हरवले, तर १९१३ मध्ये लात्सिओला ६-० असे हरवले. आजच्या वाचकाला अंतिम सामना म्हणजे बरोबरीच्या दोन संघांची झुंज वाटते. तेव्हा देशाचे विभाग पाडलेले असत, खरी चुरस वायव्येकडील गटात होई, आणि तेथून पार पडलेल्या संघाला अंतिम सामना सोपा जाई. त्यामुळे आपल्या लेखात अंतिम सामन्याला चार ओळी आणि गटातील सामन्यांना चार परिच्छेद, असे माप ठेवावे. १९२१ चा पिसाविरुद्धचा २-१ असा अटीतटीचा अंतिम सामना मात्र याला अपवाद आहे.

एका सामन्याचा उलगडा

प्रत्येक इतिहासात एक तरी प्रसंग अगदी जवळून दाखवावा लागतो. बाकीचा काळ वेगाने सरकला तरी चालते. प्रो वेर्चेल्लीसाठी तो प्रसंग म्हणजे २४ एप्रिल १९१० चा सामना, आणि तो कसा लिहावा हे जरा सविस्तर पाहू.

१९०९-१० च्या हंगामात प्रथमच सर्व संघ एका गटात खेळले. अखेरीस प्रो वेर्चेल्ली आणि इंटर यांचे प्रत्येकी २५ गुण झाले आणि विजेता ठरवण्यासाठी आणखी एक सामना घ्यावा लागला. ठरलेल्या तारखेला प्रो वेर्चेल्लीचे काही खेळाडू लष्करी स्पर्धेत गुंतलेले होते. क्लबने तारीख बदलून मागितली, ती मिळाली नाही, आणि मग क्लबने निषेध म्हणून आपल्या चौथ्या संघातील पोरांना मैदानात उतरवले. इंटरने हा सामना १०-३ असा जिंकला. इंटरच्या पहिल्या विजेतेपदाची ही हकीकत आहे.

येथे लेखकाने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे, हा प्रसंग वेर्चेल्लीच्या बाजूने सांगताना तो मिलानच्या बाजूनेही एकदा वाचावा, कारण एकाच घटनेला एका शहरात स्वाभिमान म्हणतात आणि दुसऱ्या शहरात आडमुठेपणा. माझे मत विचाराल तर दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. दुसरी गोष्ट, १०-३ या आकड्यातील तीनकडे लक्ष द्यावे. त्या पोरांनी तीन गोल केले ही नोंद दहाच्या ओझ्याखाली दबून जाते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, सामन्यानंतर काय झाले ते पाहावे. महासंघाने प्रो वेर्चेल्लीवर बंदीची कारवाई केली. तीनच आठवड्यांनी, १५ मे १९१० रोजी, मिलानमध्ये इटलीचा राष्ट्रीय संघ इतिहासातील पहिला सामना खेळला आणि त्याने फ्रान्सला ६-२ असे हरवले. त्या संघात प्रो वेर्चेल्लीचा एकही खेळाडू नव्हता, कारण ते बंदीखाली होते.

आता ही तारीख किती उपयोगी पडते ते पाहा. त्या पहिल्या सामन्यात राष्ट्रीय संघाने पांढरे शर्ट घातले होते, आणि ते प्रो वेर्चेल्लीच्या सन्मानार्थ होते असे अनेक ठिकाणी हौसेने लिहिलेले आढळते. ज्या क्लबच्या खेळाडूंवर महासंघाने नुकतीच बंदी घातली, त्याच क्लबचा सन्मान तोच महासंघ त्याच महिन्यात करील, हे पटणारे नाही. अशी विधाने खोडून काढायला मोठे संशोधन लागत नाही. दोन तारखा एकाच कागदावर असल्या की पुरते. सन्मानाचा खरा पुरावा हवा असेल, तर तो तीन वर्षांनंतर मिळतो. १ मे १९१३ रोजी तूरिनमध्ये बेल्जियमविरुद्ध इटलीचा जो संघ उतरला, त्यातील अकरापैकी नऊ खेळाडू प्रो वेर्चेल्लीचे होते, आणि सामन्यातील एकमेव गोल त्यांच्यापैकीच ग्वीदो आरा याने केला.

वृत्तपत्रांत शोध कसा घ्यावा

तूरिनच्या ‘ला स्ताम्पा’ या दैनिकाचे १८६७ पासूनचे अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, आणि पिएमॉन्तेतील कोणत्याही क्लबच्या अभ्यासकाला याहून मोठा खजिना मिळणार नाही. मिलानच्या ‘ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ची सुरुवात १८९६ साली झाली. स्थानिक पत्रांमध्ये ‘ला सेझिया’ हे वेर्चेल्लीचे जुने पत्र आहे. मोठे दैनिक निकाल सांगते, पण मैदानाचे भाडे, व्यायामशाळेची वार्षिक सभा, खेळाडूचा विवाह आणि वर्गणी थकवणाऱ्यांची तक्रार हे सगळे गावच्या पत्रातच सापडते.

इटालियन भाषा चांगली येत नसली तरी शंभर-सव्वाशे शब्दांवर काम निभावते, मात्र शोधण्याची युक्ती ठाऊक हवी. नुसते क्लबचे नाव शोधले तर निम्म्या बातम्या सुटतात, कारण वार्ताहर क्लबला बहुतेक वेळा ‘बियान्की’, म्हणजे ‘पांढरे’, किंवा ‘वेर्चेल्लेझी’, म्हणजे वेर्चेल्लीकर, असे म्हणतो. खेळाडूंची केवळ आडनावे छापलेली असतात आणि भाऊ भाऊ एकत्र खेळत असले तर आडनावापुढे रोमन आकडा येतो. प्रो वेर्चेल्लीच्या कर्णधाराचे आडनाव मिलानो होते! जुझेप्पे मिलानो हा ‘मिलानो पहिला’ आणि त्याचा भाऊ फेलिचे हा ‘मिलानो दुसरा’. आता ‘मिलानो’ हा शब्द शोधल्यावर त्याच नावाच्या महानगराच्या किती हजार बातम्या समोर येतील, याची कल्पना वाचकाने करावी. अशा वेळी जोडीने खेळणाऱ्या दुसऱ्या आडनावाबरोबर शोध घ्यावा. ‘मिलानो’ आणि ‘आरा’ एकाच ओळीत आले की समोर संघाची यादीच असते. यांपैकी फेलिचे मिलानो पहिल्या महायुद्धात १९१५ साली मारला गेला. संघाच्या याद्यांमधून ‘मिलानो दुसरा’ नाहीसा होतो, आणि आपण नुसत्याच याद्या उतरवून घेत असलो तर तो कोठे गेला हे कळतही नाही.

नावे देवनागरीत आणताना इंग्रजी उच्चारांची सवय बाजूला ठेवावी लागते. इटालियन उच्चार देवनागरीला चांगलाच मानवतो. जोडाक्षरे स्पष्ट उच्चारली जातात, म्हणून ‘वेर्सेली’ नव्हे तर ‘वेर्चेल्ली’, ‘पिओला’ऐवजी ‘प्योला’ आणि ‘चिएव्हो’ऐवजी ‘क्येव्हो’ लिहावे. क्लबांच्या नावांचे मात्र निराळे आहे. जेनोआ आणि मिलान ही नावे इंग्रजांनी घातलेली असल्यामुळे ती शहरांच्या इटालियन नावांपेक्षा वेगळी आहेत. फॅसिस्ट राजवटीत परकी नावे खपत नसल्यामुळे ती ‘जेनोव्हा’ आणि ‘मिलानो’ अशी बदलायला लावली, इंटरला १९२८ पासून ‘आम्ब्रोझियाना’ व्हावे लागले, आणि युद्धानंतर जुनी नावे परत आली. १९३० च्या बातमीत आम्ब्रोझियाना दिसला की तो कोणी नवा क्लब आहे असे समजू नये.

उतरणीची कारणे

विजयाचा काळ लिहून झाला की बहुतेक लेखकांचा हुरूप संपतो आणि ‘नंतर क्लबला उतरती कळा लागली’ या एका वाक्यात पन्नास-साठ वर्षे आटोपली जातात. उतरती कळा आपोआप लागत नाही. तिला तारखा आणि आकडे असतात.

वेर्चेल्लीच्या बाबतीत पहिली तारीख १९२३ ही आहे. व्हिर्जिनियो रोझेत्ता हा तेथला बचावपटू, १९२१ आणि १९२२ या दोन्ही विजेतेपदांचा मानकरी, युव्हेंटसकडे गेला. त्याच वर्षी एदोआर्दो आन्येल्ली हे मोटारींच्या कारखान्याचे वारस युव्हेंटसचे अध्यक्ष झाले होते. खेळ तेव्हा कागदोपत्री हौशी होता आणि खेळाडूने पैशासाठी क्लब बदलणे नियमात बसत नव्हते, त्यामुळे मोठे वादळ उठले. ज्या सामन्यांत रोझेत्ता खेळला ते सामने युव्हेंटस हरल्याचे महासंघाने धरले. परंतु दार उघडले ते उघडलेच. १९२६ च्या व्हियारेज्जो सनदेने खेळाडूंना मोबदला घेण्याची आडमार्गाने मान्यता दिली, आणि १९२९ पासून देशभर प्रवास करावा लागणारी साखळी स्पर्धा आली. पगार, रेल्वेभाडे आणि मोठे मैदान या तिन्हींचा खर्च तिकिटांतून निघायला शहर मोठे असावे लागते.

तरीही वेर्चेल्लीने सेरी आमध्ये सहा हंगाम काढले, आणि त्यांतील पाच हंगाम त्यांच्यापाशी सिल्व्हियो प्योला होता. जवळच्याच रोब्बियो गावी १९१३ साली जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी पहिल्या श्रेणीत उतरला. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी फियोरेंतिनाविरुद्धच्या ७-२ अशा विजयात त्याने एकट्याने सहा गोल केले. १९३४ मध्ये तो लात्सिओकडे गेला, आणि १९३५ मध्ये प्रो वेर्चेल्ली खालच्या श्रेणीत उतरला. १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरीविरुद्ध त्याने दोन गोल केले, आणि सेरी आमधील त्याच्या २७४ गोलांचा विक्रम अजून अबाधित आहे. विकलेला खेळाडू आणि उतरलेला क्लब यांमध्ये एका हंगामाचे अंतर असते तेव्हा कारण शोधायला लांब जावे लागत नाही. फक्त त्या दोन तारखा एकाच वाक्यात लिहाव्या लागतात.

पुढील काळ मी स्वतः झटपट लिहितो. १९४८ साली दुसऱ्या श्रेणीतूनही क्लब उतरला. तेथे परत यायला २०१२ उजाडले, म्हणजे चौसष्ट वर्षे लागली. लगेच पुढल्या वर्षी तो पुन्हा खाली गेला, २०१४ मध्ये वर आला आणि २०१८ मध्ये परत उतरला. या मधल्या दशकांसाठी प्रत्येक हंगामाची ओळ तक्त्यात द्यावी, मजकुरात मात्र ज्या हंगामात काही घडले तेवढाच घ्यावा.

लिहिताना

मजकूर लिहायला बसल्यावर शेजाऱ्यांना विसरू नये. वेर्चेल्ली, नोव्हारा, काझाले आणि अलेस्सांद्रिया या चार शहरांना इटालियन लोक ‘पिएमॉन्तेचा चौकोन’ म्हणतात, आणि यांपैकी एकाचा इतिहास दुसऱ्यावाचून नीट सांगता येत नाही. काझालेने वेर्चेल्लीच्या पांढऱ्याला उत्तर म्हणून काळा शर्ट निवडला आणि त्यावर पांढरा तारा लावला. १९१३ मध्ये त्यांनी रेडिंग या इंग्लंडच्या व्यावसायिक संघाला हरवले, जे तोवर एकाही इटालियन क्लबला जमले नव्हते, आणि पुढच्याच वर्षी वेर्चेल्लीची सद्दी मोडून विजेतेपद घेतले.

शब्दांच्या बाबतीत कालविपर्यास टाळावा. विजेतेपदाला आज सर्रास ‘स्कुदेत्तो’ म्हणतात, पण शर्टावर लावण्याची ती तिरंगी ढाल १९२४ साली जेनोआने प्रथम लावली. त्यामुळे ‘प्रो वेर्चेल्लीच्या खेळाडूंनी छातीवर स्कुदेत्तो मिरवला’ असे वाक्य लिहिले तर ते सात वेळा चूक ठरेल. तसेच ‘चमत्कार’ हा शब्द शक्यतो वापरू नये. १९८५ मध्ये प्रशिक्षक ओस्वाल्दो बान्योली यांच्या वेरोनाने विजेतेपद मिळवले तेव्हा हा शब्द पुष्कळ वापरला गेला. त्या हंगामात सामन्यांचे पंच नेमणुकीऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरवले गेले होते, ही गोष्ट मात्र फारजण सांगत नाहीत. वेरोनाचा संघ उत्तम होता हे त्यामुळे कमी होत नाही, पण नियमाचा रकाना तेथेही भरलाच पाहिजे.

राहता राहिली छायाचित्रे. वेर्चेल्लीचे मैदान १९३२ सालचे आहे आणि १९९८ पासून त्याला सिल्व्हियो प्योलाचे नाव आहे. प्योला कारकीर्दीच्या अखेरीस नोव्हाराकडूनही खेळला, म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या नोव्हारातील मैदानालाही त्याचेच नाव दिलेले आहे. इंटरनेटवरून घेतलेल्या चित्राखाली नुसते ‘सिल्व्हियो प्योला मैदान’ असे लिहिलेले असेल, तर प्रेक्षकांच्या हातातील झेंडे नीट पाहावेत. ते निळे असले तर चित्र नोव्हाराचे आहे, आणि वेर्चेल्लीच्या इतिहासात ते छापले गेले तर वेर्चेल्लीकर आपल्याला माफ करणार नाहीत.